११ दिवसांचं विणकाम आणि ३५० रुपयांचं छापील चित्र

प्रश्न असा आहे : सोलापुरात पूर्व भागात आमच्या घरी दोन हातमाग आहेत. वडील वॉल हँगिंग, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं, विणतात, मीही चार वर्षांपासून मागावर बसते. मागच्या महिन्यात पुण्याच्या प्रदर्शनात एका गिऱ्हाइकाने वडिलांचा ११ दिवसांत विणून झालेला तुकडा बघितला, मोबाइलवर फोटो काढला आणि "असंच ऑनलाइन ३५० रुपयांत मिळतं" म्हणून ते निघून गेले. आम्ही ३,२०० सांगत होतो. त्या दिवसापासून वडील एक माग विकून टाकायचं म्हणतात. चूक त्या गिऱ्हाइकाची, की आमच्या कामाला खरंच किंमत उरली नाही? आणि भाव लावायचा तरी कसा?

ताई, वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, पण मागावर बसणाऱ्या माणसाला मी 'तुम्ही'च म्हणतो. माझी ३७ वर्षं विणकामात गेली. त्यातली नऊ यंत्रमागाच्या शेडमध्ये, बाकीची हातमागावर. घरात आम्ही तेलुगूत मागाला 'मग्गम' म्हणत आलो आणि ताण्याबाण्याला, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना, 'पडुगु-पेका'. तुमच्याकडेही तेच शब्द असतील. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परक्याचा वाटला नाही. ३५० रुपयांचं ते वाक्य मी स्वतः किती वेळा ऐकलं असेल, आता मोजत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. चूक गिऱ्हाइकाची थोडी आहे, पण पहिली चूक आपल्या घरातली आहे. गिऱ्हाइकाने आपल्या कामाची किंमत कमी केली त्याच्या कितीतरी आधी ती आपण कमी केलेली असते. तुमचा ३,२०० चा आकडा वाचला आणि मी कागद-पेन घेऊन बसलो. तोच हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

तुमचा तुकडा साधारण ३० इंच रुंद, ४२ इंच लांब धरू. इंचाला ३० आडवे धागे धरले तर ४२ इंचांत १,२६० ओळी होतात. वॉल हँगिंगमध्ये एक ओळ म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी नसते, हे तुम्हाला माहीत आहे, पण गिऱ्हाइकाला माहीत नसतं. जिथे रंग बदलतो तिथे एका रंगाचा धागा थांबवून मागे फिरवायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा आणि दुसऱ्या रंगाची कांडी, म्हणजे धाग्याची छोटी गुंडाळी, हातात घ्यायची. एका ओळीत सरासरी आठ रंगांच्या कांड्या आल्या तर एका तुकड्यात दहा हजारांवर वेळा बोटांनी धागा उचलून आत घातलेला असतो. साध्या कापडाच्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो. म्हणजे १,२६० ओळी त्याला १२-१३ मिनिटांचं काम. वडिलांना तेवढ्यासाठी ११ दिवस लागले. इथवर तुम्हीही मोजलं असेल.

आता वडिलांनी काय मोजलं नसेल ते सांगतो. रोजचे सात तास धरून ११ दिवसांचे ७७ तास झाले. पण मागावर बसण्याआधी ताणा तयार करायला, तो फणीतून ओवायला आणि सांधायला दोन माणसांचे तीन दिवस गेले असतील. एका ताण्यावर दहा-बारा तुकडे निघतात असं धरलं तर तुकड्यामागे चार तास. कांड्या भरायचं काम रोज तासभर, म्हणजे ११ तास. ते तुमची आई करत असणार, नाहीतर तुम्ही. ग्राफच्या कागदावर चित्र काढायला दोन दिवस गेले, त्या कागदावर सात तुकडे विणले, तर तुकड्यामागे दोन तास. शेवटी दशा वळणं, गोंडे, मागच्या बाजूचे धागे कापणं, दांडी बसवणं, यात पाच तास. सगळे मिळून ९९ तास होतात.

सूत आणि रंग ७०० रुपये धरले. फणी, धोटा, दोऱ्या, मागाची दुरुस्ती आणि वीज यांचे ३०० धरले. तुकडा ३,२०० ला विकला गेला असता तरी हातात २,२०० उरले असते. त्यांना ९९ ने भागा. ताशी २२ रुपये होतात. पुण्याला जाण्या-येण्याचं भाडं, तिथला मुक्काम आणि स्टॉलचे पैसे यात अजून धरलेलेच नाहीत. सोलापुरात बांधकामावर घमेली उचलणारा बिगारीसुद्धा आज दिवसाचे ५००-६०० घेतो, म्हणजे ताशी साठ-सत्तर. तोही ते आनंदाने घेत नाही, कारण त्यातही भागत नाही. तर मग मला सांगा, तुमच्या वडिलांच्या हाताला बिगाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाचा भाव कोणी लावला? त्या पुण्याच्या गिऱ्हाइकाने नाही लावला. तो आकडा तुमच्या घरात ठरला.

यात सगळ्यात आधी गळतात ते बाईचे तास. रहाटावर कांड्या भरणाऱ्या आईचे ते ११ तास तुमच्या ३,२०० मध्ये कुठेच नाहीत, हे मी न विचारता सांगू शकतो. आमच्या घरातही नव्हते. "ती काय, घरीच बसलेली असते" असं माझे वडील म्हणायचे. पुढे वीस वर्षं मीही तेच म्हणालो, याची मला आज लाज वाटते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांवर विणकर आणि जोडकाम करणारे मोजले गेले. त्यांत ७० टक्क्यांहून अधिक बायका आहेत. त्याच गणनेत विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांची कमाई महिन्याला ५,००० रुपयांच्या आत निघाली. हे दोन आकडे मला कधी वेगळे वाटले नाहीत. ज्या धंद्यात निम्म्याहून जास्त हात फुकट धरले जातात, तो धंदा महिन्याला पाच हजारांवर जाणार कसा? वाकळ शिवणाऱ्या बायकांचंही तेच आहे. जुन्या लुगड्यांचे थर लावून महिना-दीड महिना दुपारच्या वेळी टाके घालत बसायचं. ती वाकळ बाजारात कधी गेली नाही, म्हणून तिचा भाव कधी ठरला नाही. आता कोणी विकायला काढली की लोक तिची तुलना मॉलमधल्या रजईशी करतात.

आता त्या छापील चित्राकडे येतो. ही गोष्ट कडू लागेल, पण तुम्ही विचारलं आहे म्हणून सांगतो. तुमचा तुकडा कसला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. अंदाजाने सांगतो, देवाचं किंवा महाराजांचं चित्र असेल, एखाद्या कॅलेंडरवरून किंवा पोस्टरवरून ग्राफवर उतरवलेलं. आमच्या पिढीने हेच केलं. नामवंत माणसांचे चेहरे विणले, देव विणले, आणि "बघा, अगदी फोटोसारखं!" असं म्हणून दाखवलं. तेव्हा लोक थक्क व्हायचे, कारण फोटोसारखं मोठं रंगीत चित्र कापडावर दुसऱ्या कशाने सहजी निघत नव्हतं. आज डिजिटल छपाईचं यंत्र तेच चित्र काही मिनिटांत कापडावर उतरवतं, आणि चेहरा आपल्यापेक्षा हुबेहूब काढतं. आपण "फोटोसारखं" म्हणून विकायला गेलो, तर गिऱ्हाईक फोटोचाच भाव देणार. त्याने फोटो काढून नेला यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. त्याला त्यात विणकाम दिसलंच नाही. आपणच ते चित्राच्या आड लपवलं होतं.

सोलापूरच्या जुन्या विणकरांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं असं मला वाटतं. १८७७ मध्ये इथे जुनी मिल सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, अख्खं गाव भोंग्यावर उठू-बसू लागलं. हिशेबाने हातमाग तेव्हाच मरायला हवा होता. तो मेला नाही. उलट तेलंगणातून आपले लोक त्याच काळात मोठ्या संख्येने इथे आले आणि पेठांमधून माग टाकून बसले. एक तर गिरणीचं सूत त्यांना हाताशी मिळालं. दुसरं असं की, गिरणीला जे जमत नव्हतं तेच ते विणत राहिले : काठापदराची लुगडी, आखूड लांबीचे वेगवेगळे वाण, गिऱ्हाइकाच्या पसंतीचा काठ. साध्या पांढऱ्या मांजरपाटात ते गिरणीशी भिडले नाहीत. पुढे यंत्रमाग आले, त्यांना नक्षी विणणारं जॅकार्ड लागलं आणि काठ-नक्षीसुद्धा यंत्राच्या हातात गेली. आपण त्याच्या मागे मागे नक्कल करत धावलो. चूक तिथे झाली.

इथेच चादरीचाही उल्लेख करतो, कारण प्रदर्शनात सोलापूरचं नाव ऐकलं की लोक आधी चादर विचारतात. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आजची सोलापुरी चादर बहुतांश यंत्रमागावर निघते. ती चांगली असते, टिकते, पण ती हातमागाची नाही. मानांकन गावाचं नाव राखतं. कापड हाताने विणलं की यंत्राने, हे ते सांगत नाही. ते सांगणारं चिन्ह वेगळं आहे : २००६ पासून सरकारचं हातमाग चिन्ह आहे, तुमच्या मालाला ते लावून घ्या. मात्र या दोन्ही चिन्हांमुळे भाव आपोआप वाढेल अशा समजुतीत राहू नका. चिन्हाने एवढंच होतं की, गिऱ्हाइकाने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं. आणि यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून खपवणारे आपल्यातही आहेत. बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो तेव्हा आपल्याला राग येतो, तसाच राग इथेही यायला हवा.

यंत्रमागावरच्या कामगाराबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. मी नऊ वर्षं तिथे उभा होतो. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, नाकातोंडात कापसाची धूळ, एकाच वेळी सहा-आठ मागांवर नजर. तुटलेला धागा सांधणारी बोटं तिथेही माणसाचीच असतात, आणि त्यांनाही कोणी पुरता भाव देत नाही. आपलं भांडण त्याच्याशी नाही.

आता गिऱ्हाइकाच्या चुकीबद्दल. त्याला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. ज्याची मिळकतच १५,००० आहे त्याने भिंतीवरच्या कापडाला दहा हजार द्यावेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ज्यांना परवडतं तेही देत नाहीत, याचं कारण वेगळं आहे, आणि ते मला शेंगा चटणीवरून कळलं. आपल्या गावात मिक्सरवर फिरवलेली शेंगा चटणीही मिळते आणि उखळात कुटलेलीही. कुटलेली महाग असते, तरी लोक शोधत जाऊन तीच घेतात. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा कडक भाकरीबरोबर बांधून नेतो तीही तीच. का? कारण कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं, लसूण-तिखट त्यात मुरतं, आणि हा फरक जिभेला पहिल्या घासाला कळतो. तिथे कोणी भाषण देत नाही, कुटणाऱ्या बाईच्या कष्टांची पाटी लावत नाही. जीभ अजून शहाणी आहे. कापडाच्या बाबतीत बोटं मात्र अडाणी झाली. आपल्या आज्यांना लुगडं चिमटीत धरलं की सूत कसलं, खळ किती, काठ पक्का की कच्चा हे कळायचं. दुकानात थान उलगडून, उन्हात धरून, उलटी बाजू बघून कापड घ्यायची रीत होती. आताचं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत येतं किंवा मोबाइलच्या काचेवर दिसतं. ज्याने कधी कापडाला हातच लावला नाही, त्याला हाताचं काम कळणार कुठून?

म्हणून माझा पहिला व्यवहारी सल्ला असा : तुमचे तुकडे भिंतीला टांगून, लांबून दिसतील असे ठेवू नका. निदान एक तरी टेबलावर उलटा पसरा. छापील कापडाची उलटी बाजू फिकी किंवा पांढरी असते. यंत्रावर विणलेल्या चित्रात न वापरलेले रंग मागून लांब तरंगत जातात किंवा कापून टाकलेले असतात. तुमच्या तुकड्यात मागच्या बाजूलाही तेच चित्र असेल, फक्त उलटं, आणि जिथे रंग फिरला तिथे धाग्याचं वळण बोटाला लागेल. गिऱ्हाइकाचं बोट धरून त्या जागी नेलं तरी चालेल. कापडाच्या दोन्ही कडांना, रुंदी ताणून धरणाऱ्या काठीच्या टाचण्यांची बारीक भोकं असतात, तीही दाखवा. शेजारी ३५० वालं छापील चित्र विकत आणून ठेवा. हो, खरंच आणून ठेवा. मी चार वर्षांपासून ठेवतो. लोक दोन्हींना हात लावतात, दोन्ही उलटून बघतात, आणि मग "एवढे का?" हा प्रश्न वेगळ्या आवाजात येतो. दहांतले आठ तरीही घेत नाहीत. पण त्यांतलं कोणी मला ३५० चं वाक्य ऐकवून गेलेलं नाही.

दुसरं. "गरीब विणकराला हातभार लावा" अशा अर्थाची पाटी, माहितीपत्रक, वाक्य, काहीही तुमच्या स्टॉलवर नको. मदत म्हणून घेतलेली वस्तू लोक एकदा घेतात आणि कपाटात टाकतात. मदत करणारा माणूस भावही मदतीचाच देतो. त्याऐवजी चिठ्ठीवर लिहा : कोणी विणलं, कांड्या कोणी भरल्या, एकूण तास किती, सूत कसलं, रंग पक्का आहे की नाही, धुवायचं कसं. वडिलांच्या नावाखाली आईचं नाव आलंच पाहिजे.

भावाबद्दल. ताशी ८० रुपये धरा. कसबी हाताला हे कमीच आहेत, पण सुरुवात इथून करा. ९९ तासांचे ७,९२० झाले. माल आणि मागाचे १,००० मिळवले की ८,९२०. प्रदर्शनाचा, प्रवासाचा खर्च तुकड्यामागे हजारभर धरला तर ९,९२०, म्हणजे दहा हजारच. तुम्ही ३,२०० सांगत होता. हा आकडा ऐकून वडील म्हणतील, दहा हजारांना कोण घेणार? त्यांचं म्हणणं खरं आहे. पोस्टरवरून उतरवलेलं चित्र दहा हजारांना फार कमी लोक घेतील. तिथे भाव चुकलेला नाही, वाण चुकला आहे. ज्या कामाचा खरा भाव बाजारात निघत नाही ते काम कमी करायचं. भाव पाडून तेच करत राहिलं तर माग चालू दिसतो, पण घर बसतं.

मग काय विणायचं? मी सहा वर्षांपूर्वी चेहरे विणणं थांबवलं, फक्त कोणी आधी सांगून, निम्मे पैसे देऊन मागितलं तरच करतो. आता मी जाड-बारीक सूत मुद्दाम मिसळून, मोजके दोन-तीन रंग घेऊन, सरळ रेषांची आणि पट्ट्यांची कामं करतो. काठाची जुनी नक्षी मोठी करून मध्यावर आणतो. ओळीला कांड्या कमी लागतात म्हणून तास निम्म्याहून खाली येतात, आणि सुताचा पोत लांबूनही दिसतो. छपाईच्या यंत्राला पोत छापता येत नाही. त्याबरोबर पाच-सहा तासांत होणाऱ्या लहान वस्तू मागावर असू द्या : टेबलावरची पट्टी, उशीचा अभ्रा, पंचा, उपरणं. ताशी ८० ने सहा तासांचे ४८० आणि वर सूत धरून वस्तू साडेसहाशेच्या आसपास बसते. मध्यमवर्गीय माणूस प्रदर्शनात तेवढे पैसे विचार न करता काढतो. ती वस्तू रोज हाताखाली आली की त्याचं बोट शिकतं. माझ्याकडून मोठा तुकडा घेणाऱ्यांपैकी बरेच जण आधी पंचा घेऊन गेलेले आहेत.

एक चूक मात्र करू नका, ती मी केली आहे. मुंबईतल्या एका प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळ. सहा तुकडे उरले होते, परतीचं भाडं निघालं नव्हतं. ४,००० चे तुकडे मी २,२०० ला द्यायला लागलो. पहिल्या दिवशी पूर्ण ४,००० देऊन गेलेल्या एक बाई मैत्रिणीला घेऊन पुन्हा आल्या होत्या, माझा माल दाखवायला. त्यांनी मला ओरडून भाव सांगताना ऐकलं. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग माझ्याकडून १,८०० कशाचे घेतलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घासाघीस करणाऱ्या शंभर लोकांनी माझ्या कामाची जेवढी किंमत कमी केली नसेल, तेवढी मी त्या एका संध्याकाळी केली. त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. तेव्हापासून उरलेला माल मी परत घरी आणतो.

व्यापाऱ्याला माल घालायचा असेल तर घाला, व्यापारी म्हणजे चोर असं मी मानत नाही. त्यालाही दुकान आहे, भाडं आहे. पण तुमची चिठ्ठी त्याने काढायची नाही, हे आधी बोलून घ्या. माझा माल घेणाऱ्या एकाने माझ्या चिठ्ठ्या काढून स्वतःच्या लावल्या. दोन वर्षांनी माझेच नमुने छापून त्याच दुकानात विकायला ठेवले. मी तोंडी व्यवहारावर राहिलो होतो. तुम्ही कागद करा, साधा एका पानाचा केला तरी चालेल.

आणि दुरुस्ती द्या. तुमच्याकडून घेतलेला तुकडा उसवला, धागा तुटला, तर आणून द्या, सांधून देऊ, असं चिठ्ठीवर लिहा. यंत्राचा माल विकणाऱ्याला हे परवडत नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडे घोंगडी विणणारे सनगर आहेत. त्यांच्याकडून ही गोष्ट मी शिकलो. मेंढीची लोकर कातरून, पिंजून, सूत काढून, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी एक पिढी जाते, आणि मध्ये कुठे विरली तर विणणाराच ती सांधून देतो. त्यांची अवस्था आपल्यापेक्षा बिकट आहे. बाजारात ॲक्रिलिकची ब्लँकेटं आल्यापासून आपल्याकडच्या जाड्याभरड्या लोकरीला गिऱ्हाईक इतकं कमी झालं की धनगराला कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नाही. तरी ज्याने जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची, घोंगडी एकदा अंगावर घेतली, तो माणूस तिचा भाव विचारून घासाघीस करताना मी बघितलेला नाही.

हाताचं आहे म्हणून काहीही चांगलं, असंही मी म्हणत नाही. काठ वाकडा, रंग जाणारा, खळ देऊन जाड भासवलेला हातमागाचा माल मी पुष्कळ पाहिला आहे. त्याला कमी भाव मिळाला तर तो योग्यच आहे. कच्च्या रंगाचा एक पंचा गिऱ्हाइकाच्या दहा पांढऱ्या कपड्यांना लागला की त्याचा डाग आपल्या सगळ्यांच्याच नावाला लागतो. तुमचा रंग पक्का आहे का, हे प्रदर्शनाच्या आधी घरी तीन धुण्यांत बघा.

आता वडिलांचं आणि मागाचं. त्यांचा निर्णय चुकीचाच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. दोन माग चालवायला माणसं नसतील तर एक मोडण्यात कमीपणा नाही. पण ३५० रुपयांच्या एका वाक्यावरून मोडू नका. एक वर्ष वही घाला. प्रत्येक तुकड्याला एक पान, डाव्या बाजूला तास, त्यात आईचा रकाना वेगळा, उजव्या बाजूला खर्च आणि आलेले पैसे. वर्षाच्या शेवटी ताशी आकडा ५० च्या वर जात नसेल, तर एक माग काढा आणि त्या जागेत रंगाईचं किंवा शिवणाचं काही बघा. वर गेला तर दोन्ही ठेवा. मुंबईच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नव्या नमुन्यांबद्दल आणि रंगाबद्दल मार्गदर्शन मिळतं, तिथे एकदा वडिलांना घेऊनच जा, एकट्या जाऊ नका. चार विणकर भेटले की त्यांना बरं वाटेल.

तो ११ दिवसांचा तुकडा अजून घरात असेल तर विकू नका. तुमच्याच भिंतीवर लावा. माझ्या वडिलांनी ४० वर्षं विणलं आणि सगळं विकलं गेलं. त्यांच्या हातचा एकही तुकडा आज माझ्या घरात नाही.